आमच्या घरची कढई जतन करण्याबाबत

बुधवार, दिनांक १९.

सकाळी उठलो. नळाला पाणी आलं, भरलं. पेपर आला, वाचला नाही (चष्मा संग्रहालयाच्या कार्यालयात आहे, अर्ज केल्यावर परत मिळेल असं कळतं). बाहेर जाऊन पाव आणि भांड्यांचा साबण आणला. दुपारी आडवा झालो, झोप लागली नाही. कोणी आलं नाही. ऊन उतरल्यावर पत्र लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप अक्कांना धाकटीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं असताना तुम्ही शिडी लावून माळा झाडलात, असं तुमच्या सूनबाईंच्या फोनवरून समजलं. मी त्यावर काही बोलणार नाही. धाकटी असती तर बोलली असती, मग तुम्ही दोघी फोनवर भांडला असता, आणि मग एकमेकींना 'ठेव आता फोन' असं बजावत तासभर बोलत बसला असता. मला ते जमणारं नाही, म्हणून पत्र. अक्षर मोठं आलं आहे ते चष्म्यावाचून. मी रागावलेलो नाही, गैरसमज नसावा. माझी तब्येत ठीक आहे. पत्राचं कारण शेवटी सांगतो. आधी झालं ते सगळं सांगतो, नाहीतर नुसतं कारण वाचून तुम्हाला वाटेल की एकटा राहून माझं डोकं फिरलं. (काकूंना तसं वाटतं. काकू म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या. तुम्ही त्यांना एकदा भेटलात आणि तिखट कुठे मिळतं यावरून तुमचं वाजलं होतं, त्याच.)

धाकटी गेली तेव्हा तुम्हाला गुडघ्यापायी येता आलं नाही, म्हणून स्वयंपाकघराचं तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशी तिने कढईत कांदा टाकला होता आणि तिला चक्कर आली. ओट्याला धरून ती खाली बसली. मी गॅस बंद केला, पण तोवर कांदा करपला होता. दवाखान्याची माणसं तिला खुर्चीत बसवून नेत होती, तेव्हा बाहेरच्या दारापाशी तिने त्यांना थांबवलं आणि मला म्हणाली, "अहो, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या." मी ओढून घेतलं. नंतर दवाखान्यात ती बोलली, पण ते सगळं पाण्याचं आणि उशीचं. घराबद्दल शेवटचं सांगणं तेवढंच. त्याचा मी सरळ अर्थ घेतला की आतलं काही हलवायचं नाही. दार ओढलेलं ठेवलं. कढई ओट्यावर तशीच, सुरी तशीच, कांद्याची सालंसुद्धा तशीच. काकूंच्या घरून डबा यायचा. पुढे त्यांना नको म्हटलं, कारण त्या डब्याबरोबर स्वतःही यायच्या. मग बाहेरच्या खोलीत विजेच्या किटलीवर चहा, आणि पाव, आणि केळी. (माणसाला स्वयंपाकघरावाचून किती दिवस काढता येतात, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही, आणि वाटलं तर राग येईल.)

असं चाललं होतं, आणि माझ्या बहिणीचा निरोप आला की ती घर आवरायला येते आहे. माझी बहीण तुम्हाला ठाऊक आहे. तिने तिच्या दिराचं घर आवरलं तेव्हा दिराची कवळीही आवरली गेली आणि ते गृहस्थ आठवडाभर पेजेवर होते. तिला तोंडावर नाही म्हणणं मला या जन्मात जमलेलं नाही. पण एक गोष्ट मला माहीत होती. ती माणसांना जुमानत नाही, मात्र पाट्यांना जुमानते. 'थुंकू नये' लिहिलेलं असेल तिथे ती शिंकतसुद्धा नाही. तेव्हा पेपरात एक जाहीर निवेदन आलं होतं. आमच्या शहरातल्या संग्रहालयाने ठरवलं होतं की राजांच्या तलवारी आणि राण्यांचे आरसे पुष्कळ झाले. आता साध्या माणसाचं रोजचं जगणं पुढच्या पिढ्यांसाठी जपायचं. ज्यांच्या घरात एखादी खोली आहे तशी राहिली असेल त्यांनी कळवावं. मला जगण्याशी कर्तव्य नव्हतं. मला पाटी हवी होती. मी जाऊन कळवून आलो.

दुसऱ्याच दिवशी संग्रहालयाच्या बाई आल्या. हातात रबरी मोजे, गळ्यात भिंग. मी दार उघडलं. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं धाकटीच्या ओळखीच्या असतील. पण त्या म्हणाल्या, "काका, लोक आम्हाला आजीचा तवा आणून देतात, आणि घासून देतात हो! काय करू मी घासलेल्या तव्याचं? आणि तुमच्याकडे..." त्या कढईकडे बघत राहिल्या. इतक्या प्रेमाने कढईकडे बघणारी व्यक्ती मी त्याआधी पाहिली नव्हती. मला बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत पितळी खांब आले, लाल दोरी आली, 'हात लावू नये' अशी पाटी आली. कढईवर काचेचं मोठं झाकण घालून त्याला तार गुंडाळली आणि तारेला शिशाचं सील मारलं. तुम्हाला माहीत आहे, मी नोकरीभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून त्यांना सील लावत आलो. सील तोडणारा माणूस माझ्या लेखी चोर. त्यामुळे त्या सीलकडे पाहून मला आपल्याच खात्यातलं कोणी घरी आल्यासारखं झालं. (त्यांनी दाबयंत्र जरा तिरपं धरलं होतं.) चार दिवसांनी बहीण आली, पदर खोचून सरळ स्वयंपाकघराकडे गेली, पाटी वाचली, आणि जागच्या जागी थांबली. मग तिने बाहेरच्या खोलीतला पंखा पुसला, तो वाळल्यावर पुन्हा पुसला, आणि "दादा, तू सरकारी माणसांच्या नादी लागलास" एवढं म्हणून गेली. गोष्ट इथेच संपली असती तर पत्राची गरज नव्हती.

पण बाईंचं काम अर्धवट नव्हतं. त्यांनी प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायला घेतले. डबे, चमचे, गॅसजवळचे डाग, कॅलेंडरचा खिळा. चहाच्या एका डागाला स्वतंत्र क्रमांक मिळाला, कारण तो बशीच्या आकाराचा नव्हता आणि मग कशाच्या आकाराचा यावर दोन तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. माझा चष्मा फ्रिजवर होता. त्यालाही चिठ्ठी लागली. मी म्हटलं, तो मी सकाळी तुम्हाला दार उघडून देताना विसरलोय, तो आजचा आहे. बाई म्हणाल्या, "काका, चष्मा फ्रिजवर विसरणं हेच तर रोजचं जगणं!" चपला उंबऱ्याच्या आत होत्या, त्याही गेल्या. कुठलीही वस्तू काढून खाली ठेवायची मला आता भीती वाटू लागली, म्हणून मी सगळं अंगावरच बाळगायला लागलो. काही दिवस मी घरात छत्री घेऊन वावरत होतो.

मग मुंग्यांचा प्रश्न आला. ओट्यावर पावाचा चुरा पडलेला होता (तोही धाकटीच्या वेळचा), आणि मुंग्या तो रोज थोडा थोडा नेत होत्या. म्हणजे जतन केलेल्या वस्तूंची डोळ्यांदेखत चोरी. यावर संग्रहालयात बैठक झाली. एक पक्ष म्हणाला मुंग्या मारा. दुसरा म्हणाला मुंग्या हाही रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्यांनाही जपा. शेवटी ठरलं की दोरीच्या आत असलेली मुंगी जतन करायची आणि दोरीबाहेर पडलेली मुंगी चोर समजायची. मी बाईंना विचारलं, मी दोरीच्या आत गेलो तर मला काय समजणार? त्या म्हणाल्या, तुमच्याबद्दल अजून ठराव झालेला नाही.

ठराव होईपर्यंत माझ्यावर पहारेकरी नेमला. मोठ्या मिशांचा, गळ्यात शिट्टी. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो माझ्या आरामखुर्चीत बसायचा आणि मी वेताच्या मोड्यावर. मी उठलो की तो विचारायचा, "काका, कुठं?" मी म्हणायचो, संडासला. "जाऊन या." परत आलो की, "पाय दोरीच्या आत गेला हां मघाशी. एकदाच सांगतो." पण माणूस वाईट नव्हता. त्याचं दुःख निराळंच होतं. "एवढं भरलेलं स्वयंपाकघर समोर, आणि चहा किटलीतला. असली ड्यूटी आयुष्यात केली नाही." तो मला त्याच्या डब्यातलं द्यायचा. त्याची बायको भाजीत मीठ जास्त घालते, पण मी तसं म्हटलं नाही, कारण ती रोज माझ्यासाठी वेगळं बांधून द्यायला लागली होती.

गेल्या शनिवारी निवृत्त लोकांच्या एका मंडळाला आधी दाखवून बघायचं ठरलं. म्हणजे रंगीत तालीम. बाईंनी मला उंबऱ्याबाहेर एका स्टुलावर बसवलं आणि नेहमीसारखं बसा म्हणाल्या. अक्का, नेहमीसारखं कसं बसायचं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत होतं. सांगितल्यावर मात्र आठवेना. हात कुठे ठेवतो मी? लोक आले. एका आजींनी मला निरखून विचारलं, "हे खरे आहेत का?" आणि काठीने माझ्या पोटरीला टोचून बघितलं. पहारेकरी गरजला, "हात लावू नका! काठीपण नको!" एक गृहस्थ दोरीपाशी उभे राहून बायकोला म्हणाले, "बघ, आपल्याकडेही अगदी असंच आहे, आणि इथे लोक तिकीट काढणार. आपण फुकट राहतोय." बायको म्हणाली, "तुम्ही फुकटच राहताय." मला हसू आलं, पण मी जतन केलेल्या अवस्थेत असल्यामुळे हसलो नाही.

कढईवर त्यांनी वरून एक दिवा सोडला होता. झगझगीत, दागिन्यांच्या दुकानात असतो तसा. त्यात करपलेल्या कांद्याची एकेक काडी दिसत होती. बाई छडीने दाखवत होत्या. "ही उलथन्याची शेवटची रेघ. इथे हात थांबला." मग त्यांनी जाहीर केलं की सोमवारी सकाळी रसायनवाले गृहस्थ येतील आणि कढईत पारदर्शक द्रव ओततील. तो घट्ट झाला की कढई, कांदा, तेल, काजळी, सगळं जिथल्या तिथे शेकडो वर्षं राहील. अजून जन्मालाही न आलेली माणसं हे बघतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला खरंच वाटलं की धाकटीने सांगितलेलं मी पार पाडलं, आणि सांगितल्यापेक्षा चार पावलं पुढे नेऊन पाडलं.

तेवढ्यात काकू खाली आल्या. टाळ्या ऐकून आल्या असाव्यात. तिकिटाचं कोणी विचारायच्या आत त्या माणसांतून वाट काढत दोरीपर्यंत पोचल्या, दिव्याखाली बघितलं, आणि त्यांचा हात तोंडाशी गेला. "अगंबाई! ही अजून घासली नाही?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, ही घासायची नाही. हा वारसा आहे."

"कसला वारसा? करपलेली कढई आहे ती!"

"तेच तर. पुढच्या पिढ्यांना कळायला नको का, बाई कशी जगत होती?"

"असं जगत होती? अशी?" काकूंचा आवाज चढला. "तुमच्या घरी उद्या वरात आणते आणि तुमची मोरी दाखवते सगळ्यांना, चालेल? दिवा लावून?"

"माझी मोरी त्या दर्जाची नाही," बाई म्हणाल्या. (त्या विनोद करत नव्हत्या.)

मग काकू माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही! तुम्ही बसलाय स्टुलावर! अहो, त्या बाईने स्वतःचं प्रेत दाखवलं असतं लोकांना, पण ही कढई दाखवली नसती!" आणि जिना दणाणत वर गेल्या. बाईंनी लोकांना सांगितलं की शेजार हाही रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि कार्यक्रम पुढे चालू झाला.

मी स्टुलावर बसून राहिलो. तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण लिहितो. कोणीही दारात आलं की धाकटी मला आतून खूण करायची, आणि त्या खुणेचा अर्थ, यांना बाहेर बोलण्यात गुंतवा. मला बोलता येत नाही हे तिला माहीत होतं, तरी. मग मी पाहुण्यांशी हवेबद्दल बोलायचो. हवेबद्दलचं संपलं की वजनकाट्यांबद्दल बोलायचो, आणि लोक माना डोलवायचे. तोवर आत नळ चालू व्हायचा, बंद व्हायचा, फडक्याचा आवाज यायचा, आणि मग ती पदराला हात पुसत बाहेर येऊन म्हणायची, "या ना आत, तुम्ही बाहेर का बसलात?" जसं काही मीच त्यांना अडवलं होतं. मोरीचा नळ दुरुस्त करायला नळवाला आला होता, त्यालासुद्धा मी बाहेर बसवून वजनकाटे सांगितले आहेत, कारण त्याला दाखवण्याआधी तिला ती मोरी धुवायची होती. तुम्ही येणार असलात तर आदल्या दिवसापासून नळ चालू असायचा. (तुम्ही आल्याबरोबर फळीवरून बोट फिरवता, हे तिने मला लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं.)

'दार ओढून घ्या' म्हणाली ती. दवाखान्याची माणसं होती, शेजारी जमा होत होते, आणि आत करपलेली कढई होती. कोणाला दिसू नये म्हणून. दुसरं काही नाही. आणि मी त्यावर दिवा लावला.

रविवारी पहारेकरी दुपारचं जेवायला बाहेर बाकावर गेला. तो गेल्यावर मी माझी जुनी पक्कड काढली, जिने मी आयुष्यभर सील लावली, आणि तार कापली. किटलीत पाणी उकळलं, कढई मोरीत ठेवली आणि ओतलं. अक्का, कांद्याचा वास आला. इतक्या महिन्यांचा वाळलेला, तरी आला. एकदाच. मग मी साबण टाकला, आणि साबणाचा यायला लागला.

तारेच्या घासणीने घासू लागलो तेव्हा किती मोठा आवाज होतो हे कळलं. घरात कोणी भांडी घासत असतं तेव्हा तो आवाज ऐकू येत नाही, स्वतः घासताना येतो. शिट्टीही त्यामुळे उशिरा ऐकू आली. पहारेकरी चमचा विसरला म्हणून परत आला होता. त्याने सवयीने शिट्टी फुंकली, मग स्वतःच दचकून ती तोंडातून काढली.

"काका! सील!"

"हो."

"कोणी तोडलं?"

"मी."

"असं सांगू नका ना. मग मला लिहावं लागतं. कोणी तोडलं?"

"मला माहीत नाही."

"हां." तो माझ्याकडे पाठ करून दोरीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आवाज फार होतोय. खालचे विचारतील." आणि त्याने रेडिओ लावला, मोठ्याने. रेडिओवर बाजारभाव चालले होते. गुळाचे भाव चढले होते, आणि मी घासत होतो.

सोमवारी बाई आणि रसायनवाले आले. रसायनवाल्यांच्या हातात मोठा डबा होता. काचेच्या झाकणाखाली कढई चकाकत होती, आणि दिव्यामुळे जरा जास्तच. बाईंनी भिंग लावून पाहिलं, जणू काजळी आत कुठेतरी शिल्लक असेल. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी 'मीच घासली' असं सांगण्याची तयारी केली होती. पण माझ्यामागे पहारेकरी उभा होता, आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या. दोन मुलींची शाळा आहे त्याच्यामागे. पहाऱ्यावर असताना घरातल्याच म्हाताऱ्याने वारसा घासून टाकला, तर जाब त्याला विचारणार. तेव्हा मला कोणीतरी असं माणूस हवं होतं की ज्याला पहारेकरी काय, कोणीच अडवू शकत नाही. विचार करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "अक्का येऊन गेल्या."

"कोण अक्का?"

"माझ्या बायकोची थोरली बहीण."

"आणि तुम्ही अडवलं नाही?" हे पहारेकऱ्याला. मला वाटलं आता हा गडबडणार. पण तो मला वाटला त्याहून फार पुढचा निघाला. "अडवलं ना बाई! शिट्टी मारली. तर मला म्हणतात, ती शिट्टी धुतोस का कधी? आण इकडे." बाईंनी त्याच्या शिट्टीकडे पाहिलं. "आणि सील?" "सीलला म्हणाल्या, हे कसलं घाणेरडं लोंबतंय. आणि ओढलं." "पाणी तरी प्यायल्या का?" "कुठलं! म्हणाल्या, आधी कढई." अक्का, या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तरी मी ऐकताना आत बघत होतो, तुम्ही अजून तिथेच आहात की काय.

मला वाटलं बाई रडतील. त्या वही काढून लिहायला लागल्या. त्यांचा चेहरा पहिल्या दिवशीसारखा झाला. "थोरली बहीण येते," त्या पुटपुटत होत्या, "बसत नाही... पाणी पीत नाही... कढई घासते... काका, हे आमच्याकडे कुठेच नाही हो! वस्तू सगळेच जपतात. पण ही कृती!" त्यांनी रसायनवाल्यांना डबा बंद करायला सांगितलं. मग आमच्या स्वयंपाकघराकडे एकदा नजर फिरवली आणि जरा संकोचून म्हणाल्या, "याचं आता... वाईट वाटून घेऊ नका. पण अशी स्वयंपाकघरं काय, घरोघरी असतात. आम्हाला जागा किती पुरणार?" दुपारपर्यंत दोरी, खांब, पाटी, दिवा, सगळं गेलं. मुंग्या राहिल्या. चष्मा आणि चपला क्रमांकासकट पेटीत भरून गेल्या होत्या, त्यासाठी अर्ज करायचा आहे. पहारेकऱ्याची नेमणूक दुसरीकडे झाली. जाताना त्याने चहा मागितला आणि मी आमच्या गॅसवर करून दिला. साखर कुठल्या डब्यात आहे हे त्यालाच माहीत होतं, क्रमांकासकट.

असं सगळं झालं. काकूंचा राग गेला आहे. त्या काल डोकावून गेल्या, कढई बघितली, "बाजू राहिल्यात" म्हणाल्या आणि गेल्या. तुमच्या मुलाला आणि सूनबाईंना आशीर्वाद सांगावेत. गुडघ्याला जपावं.

आपला मेहुणा.

ता. क. पत्राचं कारण राहिलं. कोणी विचारलंच तर, तुम्ही रविवारी दुपारी इथे येऊन कढई घासून गेलात, एवढं कृपा करून हो म्हणावं. त्या माणसाची नोकरी त्यावर आहे. त्याने तुमच्या डोक्याला निळा रुमाल बांधलेला आहे आणि तुम्ही जिना एका दमात चढलात असं लिहून दिलं आहे, तेवढं लक्षात ठेवावं. डॉक्टरांच्या कानावर जाऊ देऊ नये.

आणखी एक. 'कोणी विचारलंच तर' असं मी वर लिहिलं, पण विचारणार आहेत. बाईंनी तुमचा पत्ता मागितला. मला नाही म्हणता आलं नाही. येत्या रविवारी त्या कॅमेरा घेऊन तुमच्याकडे येत आहेत. तुम्ही कढई कशी घासता ते त्यांना पुढच्या पिढ्यांसाठी टिपून घ्यायचं आहे. त्यांचा खास निरोप आहे की तुम्ही मुद्दाम काहीही आवरू नये, स्वयंपाकघर आहे तसंच ठेवावं. निरोप पोचवायचं मी कबूल केलं होतं, म्हणून पोचवला. (पत्र हातात घेऊनच तुम्ही उठला असाल, हे मला कळतं. माळा परत झाडू नये.)

आणखी. कढईच्या तळाला एक काळी गोल रेघ राहिली आहे, ती साबणाने जात नाही. धाकटी कशाने काढायची ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. घाई नाही.

शेवटचं. गुडघा बरा झाल्यावर तुम्ही खरोखरच इकडे आलात तर मला आनंद होईल. पण आधी फोन करावा, एकदम येऊ नये. टपाल सहाला निघतं, पेटी कोपऱ्यावर आहे. त्याआधी ओटा पुसून घेतो.